कुंपणाखालचं गवत

टूसॉन, अ‍ॅरिझोना
९ नोव्हेंबर १९८७

डेल्मर,

पोचले एकदाची. विमानात शेजारच्या बाईने सगळा वेळ तिच्या मांजराच्या मूतखड्याची कहाणी ऐकवली. मनात म्हटलं, यापेक्षा डेल्मर हॅकवर्थची बडबड परवडली. यावरून काय ते समज.

लेकीचं, जनेलचं घर छान आहे. मला वेगळी खोली, न्हाणीघरात धरायला दांडी, रस्त्याकडे खिडकी. जावई सालस आहे, नातवंडं लाघवी आहेत, मोडलेला खुबाही इथल्या कोरड्या हवेत कमी कुरकुरतो. एवढं सगळं असून सकाळी पडदा सारते तर बाहेर काय? दगड! पुढचं अख्खं अंगण दगडगोट्यांनी भरलंय आणि मधोमध एक निवडुंग दोन्ही हात वर करून उभा, जणू कोणी पिस्तूल रोखलंय. याला इथे बाग म्हणतात. समोरच्यांनी तर दगडांना हिरवा रंग फासलाय, शपथेवर सांगते. मागच्या दारी मुलांना खेळायला सतरंजीएवढं गवत आहे, ते मात्र या दिवसांत पोपटी हिरवं. मला काही ते खरं वाटत नाही. कुठलं शहाणं गवत नोव्हेंबरात असं मिरवतं?

करार तुझ्यासमोरच झाला होता, तरी पुन्हा लिहिते, म्हणजे तुझ्या टाळक्यात राहील. जनेल म्हणाली, "आई, एक वर्ष माझ्याकडे राहा. तेवढ्यात तिकडचं घर आणि अंगण नीट राहिलं, तर पुढच्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला खुशाल परत जा, मी हूं की चूं करणार नाही. पण सगळं ओसाड पडलं तर घर विकायचं." मी हो म्हटलं ते तुझ्यासारख्या शेजाऱ्याच्या जिवावर.

घराला काय होतंय, ते उभं राहील. जीव गवतात अडकलाय. बाकीच्या मुलींना लग्नात चांदीचे चमचे मिळाले, मला पपांनी गोणभर गवताचं बी दिलं. त्यांच्या स्वतःच्या कुरणातलं, जूनमध्ये खेचरांमागे फणीचं यंत्र लावून ओरबाडलेलं. त्या कुरणावरून आता हमरस्ता गेलाय. ते गवत उरलंय ते फक्त माझ्या दारात.

म्हणून ऐक. मेपलची पानं साचू देऊ नकोस, ओल्या पानांखाली गवत कुजतं. थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला वर्षातलं शेवटचं खत. गवत गोठलेलं असताना त्यावर कोणी पाय ठेवायचा नाही, पोस्टमनसुद्धा. आणि कापायचं तेव्हा तीन इंच ठेवून. तीन इंच, डेल्मर.

ओलेटा

*

हॅरोज स्टेशन, केंटकी
३० नोव्हेंबर १९८७

मिसेस ओलेटा प्रुइट यांच्या सेवेशी,

हुकूम पोचला. उंटावरून शेळ्या हाकणारे पाहिले होते, वाळवंटातून गवत हाकणारी तूच पहिली.

पानं झाडली. खत घातलं. पोस्टमनला बजावलं, तर तो म्हणाला, "म्हातारी गेली ना आता?" मी म्हटलं, बाबा, ती गेलेली नाही, बाहेरगावी आहे. शब्द नीट वापर. बिचारा आता वळसा घालून येतो.

फोन करत जा असं जनेलने चिठ्ठीत लिहिलंय. तिला सांग, मी फोन कानाला लावला की आत कोणीतरी मासे तळत असल्यासारखं ऐकू येतं. पत्रच बरं. तंबाखूचे लिलाव सुरू झालेत आणि मी याही वर्षी पुकारतोय. लोक विचारतात, बहिरा माणूस लिलाव कसा करतो? अरे, खरेदीदार काही तोंडाने बोली लावतात का! एक भुवई उडवतो, एक टोपी चाचपतो. ऐकायचंय कशाला, डोळे शाबूत आहेत.

एक तक्रार मात्र नोंदवून ठेव. तुझं गवत चोर आहे. कुंपणाखालून, मातीतल्या मातीत मुळ्या सरकवत माझ्या अंगणात घुसतंय. तुझा नवरा बर्जिन होता तेव्हापासून घुसतंय. आता कुंपणालगतचा माझा निम्मा पट्टा तुझ्या बापाचा झालाय.

संध्याकाळी तुझ्या स्वयंपाकघरात दिवा लावून थोडा वेळ बसून येतो. चोरांना वाटावं, घरात कोणी आहे.

डेल्मर

*

टूसॉन
१२ फेब्रुवारी १९८८

डेल्मर,

चोर? हॅरोज स्टेशनला? गावात शेवटची चोरी झाली ती पाद्रीबुवांच्या भोपळ्याची. बस बापड्या, दिवा लावून बस. कपाटात कॉफी आहे, वरच्या फळीवर.

इथे सगळे म्हणतात, "काय सुंदर हवा!" रोज ऊन. परवाही ऊन, आजही ऊन, उद्याही तेच. मला आपला तिथला फेब्रुवारी आठवतो, सगळा चिखल आणि राखाडी. त्या राखाडीत बघत बसायचं, आज कुठे हिरवं दिसतंय का. इथे वाट बघायला काही नाहीच, डेल्मर. जे आहे ते आहे. मला वाट बघायची सवय आहे, ती सुटत नाही.

जेवणातही तेच. जनेल हौसेने काय काय करते, मी खाते, छान म्हणते. आणि मनात ताकात कुस्करलेला कॉर्नब्रेड, आपला मक्याचा पाव येतो. इथल्या दुकानातलं ताक म्हणजे नुसतं पांढरं पाणी.

फोर्सिथियाचं झुडूप पिवळं झालं की लगेच तणाचं औषध टाक. कॅलेंडर बघू नकोस, झुडूप बघ. यंत्राचं पातं धार लावून घे, बोथट पात्याने गवत कापलं जात नाही, फाटतं, आणि शेंडे पांढरे पडतात. पहिल्या कापणीचं चिमूटभर गवत पाकिटात घालून पाठवशील? हस हवं तर.

ओलेटा

*

हॅरोज स्टेशन
१४ एप्रिल १९८८

ओलेटा,

हसलो नाही. पाकिटात आहे बघ. पोस्टातल्या पोरीने विचारलं, "आत काय आहे, कागदपत्रं?" म्हटलं, हो, फार महत्त्वाची.

झुडूप पिवळं झालं त्याच दिवशी औषध टाकलं. पातं स्वतः घासलं. पहिली कापणी केली आणि असा काही वास सुटला, की पलीकडची मिसेस ट्रिम्बल, शंभर तक्रारींची बाई, तीसुद्धा फाटकात थबकली आणि म्हणाली, "ओलेटा असती तर आता ओरडली असती, वळताना चाक फरफटवू नकोस म्हणून." मी म्हटलं, ओरडलीच ती. मला ऐकू आलं.

बहिऱ्या माणसाला ऐकू आलं म्हणतोय, यावरून काय ते समज.

डेल्मर

*

टूसॉन
२२ मे १९८८

डेल्मर,

पाकीट उशाखाली ठेवलं होतं. आता नुसता सुका भुगा उरलाय, तरी टाकवत नाही.

काल नातवंडांना सांगत होते, आजीच्या गावचं गवत निळं असतं, त्याचं नावच ब्लूग्रास, निळं गवत. दोघं खो खो हसली. "आजी, गवत हिरवं असतं." जनेलही म्हणाली, "अगं आई, मी तिथेच वाढले, मी कधी निळं पाहिलं नाही." पोर खरं बोलत होती. कसं पाहणार? गवत निळं होतं ते मे महिन्यात, न कापता गुडघ्यापर्यंत वाढलं आणि फुलोरा आला तरच. पपांच्या कुरणात व्हायचं. सकाळी दव पडलं आणि वारा आला की सगळा उतार निळा हलायचा. मी परकर खोचून त्यातून धावत गेलेय, पपा मागून ओरडतायत, "बी झडेल गं, बये!"

आणि लग्न झाल्यावर? बर्जिन दर शनिवारी सकाळी यंत्र बाहेर काढायचा. तो गेल्यावर मी काढायचे. चांगल्या वस्तीत राहायचं म्हणजे गवत कापलेलं हवं. त्याच बियाचं गवत जन्मभर दारात, आणि त्याला एकदासुद्धा निळं होऊ दिलं नाही.

एकदा बघायचंय मला ते. बस. म्हातारपणी काही भलतंच मनात येतं.

ओलेटा

*

हॅरोज स्टेशन
३ ऑगस्ट १९८८

ओलेटा,

पाऊस नाही. मक्याची पानं गुंडाळली गेलीत, ओढ्यात गाई उभ्या राहतात त्या नुसत्या चिखलात. गावाने बागेला पाणी घालायला बंदी केलीय.

अंगण तपकिरी झालंय. तुला काळजी नको म्हणून लिहिणार नव्हतो, पण तुला कळेलच. मेलेलं नाही. झोपलंय. मुळाशी कोंब पांढरा आहे, मी रोज एक उपटून बघतो. मिसेस ट्रिम्बल म्हणते, चोरून थोडं थोडं पाणी घाल. मी म्हटलं, बाई, झोपलेल्याला अर्धवट उठवलं की तो पुन्हा झोपत नाही आणि धड जागाही होत नाही. झोपू दे. सप्टेंबरात पाऊस आला की आपला आपण उठेल.

मीही तेच करतोय. दुपारभर पडून असतो. थंडी पडली आणि कोणी परत आलं की उठेन.

डेल्मर

*

टूसॉन
१९ ऑगस्ट १९८८

डेल्मर,

झोपू दे, अगदी बरोबर. हात लावू नकोस.

बातमी ही, की जनेल महिनाअखेर तुमच्याजवळ लेक्सिंग्टनला मैत्रिणीच्या लग्नाला येतेय, आणि घरी दोन दिवस राहणार आहे. माझं परतणं तिच्या डोळ्यांवर अवलंबून आहे, विसरू नकोस. तपकिरी अंगण बघून तिला धक्का बसेल. तिला नीट समजावून सांग. तुझ्या लिलावाच्या वेगाने नको, माणसासारखं सांग.

आणि तिच्याबरोबर मी काहीतरी पाठवतेय. निवडुंगाच्या फळांचा मुरंबा. चवीला विचित्र आहे, पण मी केलाय.

आता थँक्सगिव्हिंग काही फार लांब नाही रे.

ओलेटा

*

हॅरोज स्टेशन
९ सप्टेंबर १९८८

ओलेटा,

वाईट बातमी आहे, उगाच लांबण लावत नाही. तुझं गवत मी घालवलं. यंत्राचं पातं खाली सरकलेलं होतं, माझ्या लक्षात आलं नाही, आणि सगळं अंगण मुळापर्यंत भादरलं गेलं. वर हे ऊन. मातीत कोंब शोधतो, सगळे वाळलेत.

जनेलला यातलं काही बोलू नकोस, माझी लाज राख. भली पोर आहे. मुरंबा पोचला.

डेल्मर

*

टूसॉन
१५ सप्टेंबर १९८८

डेल्मर,

तू? ज्याने जन्मात पातं तीन इंचांच्या खाली आणलं नाही तो? झोपलंय म्हणून मला सांगतोस आणि स्वतःच यंत्र घेऊन त्याच्या छाताडावर चढतोस?

तुझी लाज राखली. जनेलला एवढंच म्हटलं, घर विकून टाक. "अचानक का, आई?" ती म्हणाली. मी म्हटलं, तिकडे आता माझं काही नाही.

एक काम सांगितलं होतं. जिवापाड जपणाऱ्याला सांगितलं असं वाटलं होतं.

पत्र लिहू नकोस.

ओलेटा प्रुइट

*

टूसॉन
१७ ऑक्टोबर १९८८

डेल्मर हॅकवर्थ,

खोटारड्या!

आज सकाळपासून गल्लीभर शेणखताचा वास. मला वाटलं, मला घरची स्वप्नं पडायला लागली. खिडकीतून पाहिलं तर घरोघरी तेच चाललेलं. मग आपल्या मागच्या दारी एक माणूस यंत्र घेऊन आला, आणि मुलांचं ते गवत त्याने भादरलं. अगदी मातीपर्यंत. न्हाव्याने डोई करावी तसं. मी धावत, म्हणजे काठी टेकत, बाहेर गेले आणि ओरडले, "अरे मेल्या, मारतोस का त्याला?"

जनेल हसत म्हणाली, "आई, असंच करतात. दर वर्षी. उन्हाळ्याचं गवत मुळापर्यंत कापायचं, वर राय गवताचं बी टाकायचं, शेणखत पसरायचं. मग हिवाळाभर हिरवंगार." इथे असते ती सगळी हरळी, डेल्मर. हरळीला काय, भादरा, जाळा, नांगर फिरवा, पुन्हा उगवते, आपलं गवत तसं नाही. वर राय पेरलेलं, म्हणून गेल्या नोव्हेंबरात ते पोपटी दिसत होतं!

मग ती हळूच म्हणाली, "केंटकीतल्या आपल्या घरीही मी ऑगस्टात तसंच करून घेतलं. तुला सांगणार नव्हते. तू परत जाशील तेव्हा हिरवं दिसावं म्हणून."

मी तिथेच पायरीवर बसले. तिला कळेना काय झालं. मग सगळं सांगितलं आणि ती रडली, आणि मीही. मी तिच्यावर रागवायला तोंड उघडलं होतं, पण "तू परत जाशील तेव्हा" हे शब्द आडवे आले. पोरीने ऑगस्टातच ठरवलं होतं, मला जाऊ द्यायचं. घर विकायची पाटी ती आजच काढायला सांगतेय.

तू कुठे होतास त्या दिवशी? आणि स्वतःच्या डोक्यावर का घेतलंस? खरं लिही. आणि हेही लिही, काही उरलंय का. डॉक्टर म्हणतो, या खुब्याने बर्फावर चालायचं नाही, वसंतापर्यंत थांबा. पण काही उरलंच नसेल, तर वसंतात मी येऊ कशाला? राय गवत बघायला?

ओलेटा

*

हॅरोज स्टेशन
२५ ऑक्टोबर १९८८

ओलेटा,

तुझं पत्र उघडायची हिंमत होत नव्हती. 'खोटारड्या' वाचलं आणि हायसं वाटलं. रागाने का होईना, लिहिलंस.

त्या शनिवारी मी सिनसिनाटीला भाचीकडे बारशाला गेलो होतो. रविवारी आलो तर जनेल जायला निघालेली, आनंदाने नाचत होती. "डेल्मरकाका, आईला सांगू नका हं, गंमत आहे!" मी बघितलं तर सगळं भादरलेलं. आदल्या दिवशीच मी तिला सांगून गेलो होतो, झोपलंय म्हणून. त्याची आठवण दिली तर म्हणाली, "हो ना, मग आता जागं होईल!" तिला काय बोलणार? आईसाठी केलेलं तिने.

आणि डोक्यावर घेतलं ते हिशेब करून. तू माझ्यावर रागावलीस तर आपल्यामध्ये सगळा देश पसरलाय. तिच्यावर रागावलीस तर मध्ये एकच भिंत, आणि जेवायचं एकाच टेबलावर. पाटी लागली त्या दिवशी मात्र हिशेब चुकला असं वाटलं. रोज सकाळी ती पाटी बघत कॉफी प्यायचो आणि कॉफी कडू लागायची.

उरलंय का विचारतेस. तुझ्या अंगणात नाही. मेपलच्या सावलीत मूठभर कोंब, बस. पण ते चोर आठवतं? कुंपणाखालून माझ्याकडे घुसलेलं? माझ्या बाजूला कोणी भादरलं नाही. झोपलं होतं, पहिल्या पावसाला उठून बसलं. तुझ्या बापाचं गवत, ओलेटा, एक पानही वेगळं नाही.

सप्टेंबरपासून तेच काम. माझ्या बाजूने गवताचं तळहाताएवढं ढेकूळ मातीसकट काढायचं, तुझ्या बाजूला खड्डा करून बसवायचं, पायाने दाबायचं, पाणी घालायचं. माझं अंगण आता असं दिसतंय, जणू कोणी पुरलेला खजिना शोधतंय. मिसेस ट्रिम्बलने विचारलं तर चिचुंद्र्यांवर ढकललं. ती म्हणाली, "चौकोनी भोकं पाडणाऱ्या चिचुंद्र्या मी प्रथमच पाहिल्या." आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची खुरपी घेऊन मदतीला आली.

रुजलं की नाही, ते वसंतातच कळेल. तोवर मलाही ठाऊक नाही.

डेल्मर

*

टूसॉन
१९ मार्च १९८९

डेल्मर,

सगळा हिवाळा तू पत्रात हवा लिहिलीस, लिलाव लिहिलेस, मिसेस ट्रिम्बलचं पडसं लिहिलंस. गवताचं एक अक्षर नाही. मीही विचारलं नाही. दोघांनाही भीती वाटत होती, दुसरं काय.

आता खरं सांगते. परवा सकाळी मी उठले आणि पडदा सारलाच नाही. आठवणच झाली नाही. कॉफी संपली तेव्हा लक्षात आलं, आणि मी जी घाबरले! दगडांची सवय व्हायला लागली, डेल्मर. निवडुंगावर एक सुतारपक्षी येतो, त्याला मी नावसुद्धा ठेवलंय. खुबा बरा आहे. मुलं शाळेतून आली की आधी माझ्या खोलीत येतात. जनेल काही म्हणत नाही, पण परवा धाकटी म्हणाली, "आजी, तू जाऊ नकोस ना." हो म्हणायला तोंड उघडलं होतं. एकदा हो म्हटलं की संपलं. माझ्या वयाला पुन्हा कोणी घर हलवत नाही.

जनेल विचारतेय, मे महिन्याचं तिकीट काढायचं का. काढायचं तर जाण्याचं की जाण्यायेण्याचं. मी म्हटलं, थांब.

झुडूप पिवळं झालं का?

ओलेटा

*

हॅरोज स्टेशन
१६ मे १९८९

ओलेटा,

झुडूप पिवळं होऊन गेलं. मुद्दामच लिहिलं नाही. अर्धवट बातमी द्यायची नव्हती. मार्चमध्ये ढेकळं नुसती तपकिरी होती, एप्रिलमध्ये हिरवी झाली, आणि मी म्हटलं, अजून नको लिहायला. आता लिहितो.

मी एक गुन्हा केलाय. यंदा मी यंत्र बाहेर काढलंच नाही. ना तुझ्याकडे, ना माझ्याकडे. एप्रिलमध्ये लोक म्हणाले, डेल्मर आजारी आहे. मे लागला तसे म्हणाले, डेल्मर आळशी झाला. मग टाउन हॉलची नोटीस आली. गवत फार वाढलंय, कापा, नाहीतर आम्ही कापू आणि दंड लावू. मी गेलो तिथे. क्लार्क म्हणजे आपल्या शाळेतल्या होबर्टचा मुलगा. तो ओरडून बोलला, मी ऐकू येत नाही म्हटलं. त्याने लिहून दिलं, मी चष्मा विसरलोय म्हटलं. तो कंटाळला. दुसरी नोटीस आलीय. रविवारी चर्चमध्ये माझ्याशेजारी कोणी बसलं नाही, फक्त मिसेस ट्रिम्बल. गवत गुडघ्यापर्यंत आलंय आणि तिच्या मांजराला त्यात उंदीर मिळतात, म्हणून ती माझ्या पक्षात आहे.

आणि आज सकाळी दव होतं. मी कॉफी घेऊन कुंपणाशी गेलो. वारा आला.

ओलेटा, निळं झालंय.

गालिचा नाही, खोटं सांगणार नाही. ठिगळांची गोधडी आहे. जिथे जिथे ढेकूळ बसवलं तिथे तिथे निळं, मध्ये मध्ये ते मेलं राय. पण वाऱ्याने हललं की राय दिसत नाही, सगळं निळंच हलतं. मी पंचाहत्तरीला आलो, जन्म याच मुलखात गेला, आणि मला आज कळलं याला निळं गवत का म्हणतात. कॉफी तशीच गार झाली.

जूनपर्यंत बी धरेल. तुझ्या गराजमध्ये तुझ्या बापाची बी ओरबाडायची हातफणी टांगलेली आहे. ती मला वापरता येत नाही, कोणीतरी शिकवायला हवं.

आता जे लिहितोय ते आयुष्यात कधी बोललो नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या बोल्या पुकारल्या. कोणाची भुवई हलली, कोणाचं बोट हललं, सगळं टिपलं. स्वतः कधी बोली लावली नाही. पुकारणाऱ्याने लावायची नसते, असा नियम आहे. बर्जिन होता तेव्हा तर प्रश्नच नव्हता, आणि तो गेल्यावर मी नुसता कुंपणाशी उभा राहिलो. तुझ्या स्वयंपाकघरात दिवा लावून बसतो तो चोरांसाठी नाही, तुला केव्हाच कळलंय. ते घर अंधारात मला बघवत नाही. तू तिथे नसलीस की मला काहीच बघवत नाही.

तुझी नातवंडं आहेत, जनेल आहे, तो सुतारपक्षी आहे. त्या बोलीच्या वर माझ्याकडे फारसं काही नाही. चौकोनी भोकांचं एक अंगण आणि एक बहिरा माणूस. पण ही माझी बोली आहे, आणि ती मी लावतोय.

एक वार.

दोन वार.

तिसरा मी म्हणत नाही. वाट बघतोय.

डेल्मर

*

टूसॉन
२२ मे १९८९

डेल्मर,

तीन वार.

तिकीट काढलं, नुसतं जाण्याचं. जनेल सोडायला येतेय, धाकटीलाही आणतेय. दोघींना सुतारपक्ष्याला दाणे घालायची शपथ घातली आहे. पुढच्या शनिवारी दुपारी पोचू. तोवर फुलोरा उतरलेला असेल, मला ठाऊक आहे. निळं काही माझ्यासाठी थांबत नाही. धाकटी विचारतेय, मग आपण बघणार काय?

तिला सांगितलं, यंदा नाही तर पुढच्या मे महिन्यात बघू. आजी तिथेच असेल.

होबर्टच्या मुलाला म्हणावं, माझ्या दारात यंत्र आणलंस तर गाठ माझ्याशी आहे. आणि ताक आणून ठेव. कॉर्नब्रेड मी करेन, दोघांपुरता.

ओलेटा